एका रात्रीत राखाडी झालेलं अंगण

१

सोमवारी सकाळी साडेसातला दातांच्या डॉक्टरीणबाईंनी घराचं मागचं दार उघडलं आणि त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला ना, तसला आवाज त्या घरात आजवर फक्त पेशंटांनी काढला होता.

कारण अंगण गेलं होतं! म्हणजे जागेवरच होतं, जाणार कुठं, पण त्याचा रंग गेला होता. गुरुवारी मिस्त्रींनी काम संपवलं तेव्हा मधाच्या रंगाचं होतं ते. खरखरीत, अंगच्या लाटा असलेला अस्सल दगड. मिस्त्रींनी एकेक लादी हातात घेऊन, उलटसुलट करून, शेजारच्या लादीशी रंग जुळवून बसवलेली. आणि आता? सगळ्यावर राखाडी पापुद्रा. जणू कुणी अख्ख्या अंगणाला राख फासलीय. पायानं घासलं तरी जाईना, पोछा मारला तरी वाळलं की परत हजर.

बाईंनी तिथूनच मिस्त्रींना फोन लावला. "मिस्त्री, सांधे भरलेत ते ग्राउट नीट पुसायचं तरी होतं! सगळं अंगण बरबटवून ठेवलंत!"

मिस्त्री आले आणि वाकून पहिल्याच लादीवर हात ठेवला. अडुसष्ट वर्षांचा माणूस. गुडघ्यांनी संप पुकारलेला, म्हणून हे शेवटचं काम असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलेलं. चार महिने या अंगणासाठी दगड निवडत होते, आणि "माझं अंगण बघायला या" म्हणून ओळखीच्या निम्म्या लोकांना बोलावून झालं होतं.

आणि बाईंनी तोवर दुसरा फोनही केला होता. भिंतीपलीकडे ज्याचं गोदाम होतं त्या मशीनवाल्याला. तो म्हणाला, "काय काळजी करू नका मॅडम. दुपारी चारला मशीन आणतो, वरचा थर घासून काढतो. अंगण गुळगुळीत!"

गुळगुळीत! म्हणजे त्या लाटा, तो खरखरीतपणा, मिस्त्रींनी निवडलेला दगडाचा सगळा चेहराच खरवडून टाकायचा. एकदा घासला की संपलं, परत येत नाही तो.

मिस्त्री कठड्यावर बसले आणि त्यांनी लेकीला फोन केला. एवढंच म्हणाले, "पोरी, तुझी पिशवी घेऊन ये."

२

आता ही लेक म्हणजे साधीसुधी नव्हे हां. दगडावरचे डाग काढणं हाच तिचा धंदा. तेलाचे, गंजाचे, शाईचे, शेवाळाचे. सगळे तिला डागताईच म्हणायचे. पिशवीत अकरा ब्रश, सात बाटल्या, एक भिंग. काम हातात घेतलं की तिचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं: "आधी डागाला विचारू तू कोण, मग सांगू चल नीघ."

ती आली तेव्हा साडेनऊ झाले होते. म्हणजे हातात साडेसहा तास.

मशीनवाला आधीच येऊन मापं घेत होता. तिला बघून हसला. "आल्या का ताई! वडिलांनी सांडायचं आणि लेकीनं पुसायचं, चांगला घरचा कारखाना आहे तुमचा."

"कारखाना चांगलाच आहे," डागताई म्हणाली. "तुमच्यासारखं दगड बिघडवून पॉलिश नाही करत आम्ही. सरका जरा, उजेड अडतोय."

ती गुडघ्यावर बसली. एका कोपऱ्यात, भिंतीलगत, कुणाला दिसणार नाही अशा जागी तिनं सौम्य अ‍ॅसिडचा एक थेंब पापुद्र्यावर टाकला. फसफस! बारीक बुडबुडे आले. मग पापुद्रा खरवडून उघड्या दगडावर दुसरा थेंब. काहीच नाही, दगड शांत.

"म्हणजे?" डॉक्टरीणबाई वाकून बघत होत्या.

"म्हणजे दोन गोष्टी. वरचा थर सिमेंटचा, म्हणजे ग्राउटच. आणि खालचा दगड अ‍ॅसिडला दाद देत नाही. बाई, हा डाग निघतो. मशीन लागत नाही."

"पण पडलाच का?" बाई कडक होत्या. "मी मिस्त्रींवर विश्वास टाकला होता. उद्या यांनी भरलेले सांधेही असेच निघाले तर? नाही ताई. काम कच्चं होतं का, ते आधी मला कळलं पाहिजे. नाहीतर चारला मशीन येणार म्हणजे येणार."

डागताईनं मान हलवली. तिला पण तेच हवं होतं. डाग काढला आणि आबांचं, म्हणजे मिस्त्रींचं, नाव तसंच मळकं राहिलं, तर काय उपयोग?

मग तिनं उभं राहून अंगणावर नजर फिरवली. सगळीकडे राखाडी. मधोमध मात्र एक जागा स्वच्छ! हातभर रुंद, दोन हात लांब. एका बाजूला गोल फुगलेली, दुसऱ्या बाजूला निमुळती, अगदी पेरूच्या फोडीसारखी. तिथं दगड चक्क मधाच्या रंगाचा.

"इथं काय होतं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "कुंड्या, बाक, सगळं कडेला; मधे रिकामंच असतं. आणि ताई, हे बघा, शुक्रवारी सकाळी मी फोटो काढला होता, नंतर मागं यायला झालंच नाही."

त्यांनी फोन पुढं केला. फोटोत अंगण लखलखीत होतं. एक डाग नाही!

डागताई खूश झाली. आणि दुसऱ्याच क्षणी तिचा चेहरा उतरला.

३

कारण फोटोत अंगण ओलं होतं.

ऐका, ही गोष्ट फक्त दगडवाल्यांनाच माहीत असते. ग्राउटचा पापुद्रा पाण्यात लपतो. दगड ओला असला की तो दिसतच नाही, वाळला की मग वर येतो. आणि आबांची तर पद्धतच होती. सांधे भरले की रात्रभर गोणपाट अंथरून हलकं पाणी शिंपडत राहायचं, म्हणजे सांधा सावकाश घट्ट होतो. शुक्रवारी सकाळी गोणपाट नुकतंच उचललेलं. म्हणजे फोटोतला दगड ओला. म्हणजे तो फोटो कशाचाच पुरावा नाही!

मशीनवाल्यालाही हे माहीत होतं. तो शिट्टी वाजवत म्हणाला, "ओल्या दगडाचा फोटो काय कामाचा ताई? डाग गुरुवारपासूनच असणार. आज वाळला, आज दिसला."

डागताई आबांजवळ जाऊन बसली.

"आबा, गुरुवारी नीट पुसलं होतं ना?"

"पुसलं होतं." त्यांनी हवेतच हात तिरपा फिरवून दाखवला. "तिरपं पुसलं, सांध्याला आडवं, नेहमीसारखं. तीनदा पाणी बदललं." मग एकदम हळू आवाजात, "पण पोरी, संध्याकाळच्या उजेडात मला हल्ली कमी दिसतं. राहिलं असेल माझ्याकडूनच. करू दे त्याला मशीन."

आबांच्या तोंडून 'राहिलं असेल' हे दोन शब्द डागताईनं जन्मात ऐकले नव्हते. दगड तिरका असेल, मालक तिरका असेल, पण आबांचं काम कधी राहत नसे!

ती उठली. डोळे भरले होते म्हणून तिनं मुद्दाम खिडकीकडं तोंड केलं. आणि खिडकीखालच्या दगडावर, राखाडी पापुद्र्याच्या आत, तिला निळं काहीतरी दिसलं.

४

वाटाण्याएवढा थेंब. ऑइलपेंट.

तिनं भिंग काढलं. अंगठ्याला थोडं अ‍ॅसिड लावून थेंबावर फिरवला (हातमोजे होते हां). राखाडी थर गेला आणि खालून निळा रंग असा चकाकला, जणू आत्ताच दिलाय.

"हा रंग कधीचा?" ती ओरडलीच.

खिडकीच्या गजांना दुसरा हात देत शिडीवर एक रंगारी बसला होता. सगळा वेळ तो इतका गप्प होता की शिडीचाच भाग वाटत होता. आता तो पटापट खाली उतरला. "ताई, आईशप्पथ, मी ग्राउटला हातसुद्धा लावला नाही!"

"ते नाही विचारलं. थेंब कधी पडले?"

रंगाऱ्यानं बाईंकडं बघितलं, मग स्वतःच्या पायांकडं. "शनिवारी. खाली प्लास्टिक अंथरायचं विसरलो. बाई बाहेरगावी निघाल्या होत्या, म्हटलं आज थेंब पुसून टाकू, कुणाला कळणार नाही..."

"शनिवारी किती वाजता?"

"दुपारी चार-पाच."

डागताईनं एवढी मोठी टाळी वाजवली की कुंड्यांमागचं मांजर पळालं. "आबा! रंग शनिवारी पडला. राखाडी थर रंगाच्या वर आहे. म्हणजे थर शनिवारनंतर आला! तुम्ही शुक्रवारी गोणपाट उचलून गेलात, त्यानंतर इकडं फिरकलाही नाहीत. तुमचं काम स्वच्छ होतं, आबा, शंभर टक्के स्वच्छ!"

मिस्त्री कठड्यावरून उठले. सकाळपासून वाकलेली पाठ सरळ झाली. डॉक्टरीणबाईंनीही तो थेंब स्वतः वाकून बघितला आणि म्हणाल्या, "मान्य. पण मग केलं कुणी?"

सगळ्यांचे डोळे आपोआप मशीनवाल्याकडं वळले. का वळणार नाहीत? अंगणाचं काम त्याला हवं होतं, मिळालं नव्हतं. गोदाम भिंतीला लागून. ग्राउटच्या पिशव्या त्याच्याकडं ढिगानं. आणि डाग पडल्यावर मशीन घेऊन सगळ्यांत आधी हजर तोच!

"ए, माझ्याकडं काय बघता?" त्याचा चेहरा पडला. "मी का टाकू?"

"वरून पावडर उधळायची, बादलीभर पाणी मारायचं, झालं," रंगारी म्हणाला. स्वतः सुटल्यामुळे त्याला आता चांगलाच जोर आला होता.

डागताई मात्र अंगणाच्या कडेच्या कुंड्यांपाशी गेली. रुंद पानांची झाडं होती. तिनं एक पान वरून बघितलं. हिरवंगार. मग उलटं केलं.

पानाच्या खालच्या बाजूला बारीक राखाडी ठिपके! दुसरं पान, तेच. तिसरं, तेच. लाकडी बाकाखाली तिनं डोकं घातलं. बाकाची वरची फळी कोरी, खालची बाजू ठिपक्यांनी भरलेली.

"मशीनवाले सुटले," ती धूळ झाडत उठली. "वरून उधळलं असतं तर पानांच्या वर पडलं असतं. हे खालून वर उडालंय."

"खालून? खाली काय आहे?"

डागताईनं खिशातली पट्टी काढली आणि सांध्यात उभी धरली. भिंतीजवळ सांधा लादीच्या बरोबरीनं भरलेला. अंगणाच्या मध्यावर मात्र नखभर खोल! आबा शेजारी येऊन वाकले, बोटानं चाचपलं आणि त्यांचे डोळे बारीक झाले.

"माझा सांधा कुणीतरी उकरलाय," ते म्हणाले.

"उकरला नाही आबा. धुतलाय."

५

तीन दिवसांचा सांधा वरून घट्ट वाटतो, पण आत ओला असतो. त्यावर जोराची पिचकारी मारली की वरचा थर निघतो, पाण्यात मिसळतो, सगळीकडं उडतो आणि दगडावर वाळतो. एवढा जोर साध्या नळीला नसतो. गाडी धुवायचा पंप लागतो.

"पंप आहे घरात?"

"आहे," बाई म्हणाल्या. "गॅरेजमध्ये. पण मी शनिवारी दुपारी परिषदेला गेले ती रविवारी रात्री आले. घरात फक्त पप्पा."

पप्पा म्हणजे बाईंचे सासरे. सगळा गाव त्यांना थोरले डॉक्टर म्हणायचा. चाळीस वर्षं दातांचा दवाखाना चालवून आता सुनेच्या हाती दिलेला. ते आत पेपर वाचत बसले होते. शर्टाची घडी इतकी कडक की सुरीनं कापून काढल्यासारखी.

डागताईनं नमस्कार केला. "डॉक्टर, रविवारी अंगणात कुणी आलं होतं का?"

"कोणी परकं माणूस आलं नाही, बाळ. मी दिवसभर घरीच होतो."

"मग तुम्ही शेवटचं अंगण कधी बघितलंत?"

"संध्याकाळी. सहा वाजले असतील. अगदी स्वच्छ होतं. आरशासारखं चमकत होतं." त्यांनी पेपर वर घेतला. "सकाळी हे असं कसं झालं, मलाही कळत नाही."

डागताई 'बरं' म्हणून बाहेर पडली, पण दोन पावलांवरच थबकली. आरशासारखं? हा खरखरीत दगड मेला तरी चमकत नाही, त्यासाठीच तर आबांनी निवडला होता तो! हा दगड चमकतो तो फक्त एका वेळी. ओला असताना. आणि रविवारी पावसाचा टिपूसही नव्हता.

पण म्हातारा माणूस सुट्टीच्या दिवशी पंप काढून अंगण का धुवेल? नुकतंच बांधलेलं, स्वच्छ अंगण?

"बाई, दवाखाना बघू का जरा?" तिनं विचारलं.

दवाखाना घराच्या पुढच्या भागात होता. नवीकोरी खुर्ची, निळी, बटणांची. बाई कौतुकानं दाखवत होत्या. "गेल्या आठवड्यात आली. जुनी पप्पांची होती, रविवारी टेम्पोवाले भंगारात घेऊन गेले. नवी घ्यायचं ठरल्यापासून, तीन आठवडे झाले, पप्पा माझ्याशी नीट बोलत नाहीत. जेवणाचं ताटसुद्धा 'आणा' म्हणतात, 'आण' नाही." त्या हसल्या, पण हसू काही खरं नव्हतं.

"मिस्त्रींनी तुम्हाला सांगितलं होतं ना, आठ दिवस पाणी जोरात मारू नका म्हणून?"

"मला सांगितलं होतं."

"तुम्ही डॉक्टरांना सांगितलंत?"

बाई खुर्चीची आधीच स्वच्छ असलेली बटणं पदरानं पुसू लागल्या.

आणि तेवढ्यात डागताईची नजर खाली गेली. जुन्या फरशीवर, नव्या खुर्चीच्या अगदी पुढं, एक फिकट खूण होती. वर्षानुवर्षं काहीतरी एकाच जागी उभं राहिलं की खाली उरते ना, तशी. एका बाजूला गोल फुगलेली. दुसऱ्या बाजूला निमुळती.

६

सव्वातीनला डागताईनं सगळ्यांना अंगणात बोलावलं. बाई, आबा, रंगारी, मशीनवाला (त्याचं मशीन दारात येऊन उभं होतं), आणि थोरले डॉक्टर. डॉक्टर काठी न टेकता, ताठ चालत आले.

डागताईच्या हातात दवाखान्याच्या फरशीवरच्या खुणेचा कागद होता, बरोबर तेवढाच कापलेला. तिनं तो अंगणाच्या मधल्या स्वच्छ जागेवर ठेवला. चपखल बसला! रंगाऱ्याच्या तोंडून "अरे बाप रे" निघालं.

"हा जुन्या खुर्चीचा तळ आहे," डागताई म्हणाली. "रविवारी खुर्ची इथं उभी होती. तिच्याखाली पाणी गेलं नाही म्हणून एवढाच दगड वाचला. ती इथं असतानाच कुणीतरी पंप चालवला. मशीनवाल्यांकडं पंप असेल, पण दातांची खुर्ची नाही. रंगारी शनिवारीच गेला. बाई गावाला. आणि रविवारी संध्याकाळी अंगण 'आरशासारखं' बघणारा माणूस एकच."

बाईंनी वळून सासऱ्यांकडं बघितलं.

मग थोरले डॉक्टर बोलले. आवाज जराही हलला नाही.

"टेम्पोवाल्या पोरांना मीच सकाळी बोलावलं. म्हटलं, मागं आणून ठेवा, संध्याकाळी न्या. मग ती धुतली. सांधे, पाय, गादी, सगळं. नंतर तिची घाण अंगणात आली, म्हणून अंगणही धुतलं."

"भंगारात जाणारी खुर्ची, पप्पा?" बाईंचा आवाज बारीक झाला होता. "भंगारात जाणाऱ्या वस्तूला कोण धुतं?"

"मी धुतो." त्यांनी सुनेकडं बघितलं. "चाळीस वर्षांत त्या खुर्चीत कुणी मळक्या जागी बसलं नाही, सूनबाई. ती माझ्या घरातून निघेल तर स्वच्छच निघेल. सकाळी हे दगड बघितले तेव्हा मनात चुकचुकलं होतं. पण स्वच्छ करायला गेलो आणि मीच घाण केली, हे तोंडातून निघेना. मिस्त्री, तुमच्यावर आलं आणि मी पेपर वाचत बसलो. माझी मोठी चूक."

मिस्त्री बघत राहिले. आता भडकणार, असं मशीनवाल्याला वाटलं असावं, कारण तो दोन पावलं मागं सरकला. पण मिस्त्रींनी विचारलं, "खुर्चीचे सांधे कशानं घासलेत?"

"दात घासायच्या ब्रशनं."

"हां," मिस्त्री म्हणाले. एका कारागिराचा दुसऱ्याला नमस्कार कसा असतो, माहितीय? तसाच होता तो 'हां'.

बाई अजून अडूनच होत्या. "पण दगडाला पाणी लागलं तर एवढं काय होतं, हे पप्पांना कसं कळणार? मलाही नीट कळलं नव्हतं. म्हणून तर पुढं सांगितलं नाही."

"बाई," डागताई म्हणाली, "तुम्ही दात भरता. भरल्यावर पेशंटला काय सांगता?"

"दोन तास काही चावू नका. तिथं बोट लावू नका. भरलेलं आत पक्कं व्हायला..." आणि बाई मधेच थांबल्या. त्यांनी सांध्यांकडं बघितलं. सासऱ्यांकडं बघितलं. थोरल्या डॉक्टरांनीही त्याच वेळी सांध्यांकडं बघितलं, आणि दोघंही, तीन आठवड्यांत पहिल्यांदा, एकत्र हसले.

"आम्ही दोघं डॉक्टर," थोरले म्हणाले, "आणि भरलेल्या दातावर पंप मारला!"

बाई वळल्या. "मशीनवाले, तुमचं मशीन परत न्या. आणि मिस्त्री, सकाळी फोनवर जे बोलले ते मी परत घेते. सगळ्यांसमोर घेते."

मशीनवाला मशीन ढकलत निघाला. दारात थांबून म्हणाला, "ताई, पान उलटं करून बघायचं माझ्या डोक्यात सात जन्मात आलं नसतं. वाचवलंत मला."

"पुढच्या वेळी उजेड अडवू नका," डागताई म्हणाली.

७

पण गुन्हेगार सापडला म्हणून डाग थोडाच निघतो!

आबांनी दुसऱ्या दिवशी पोकळ सांधे परत भरले. यावेळी वाळूसिमेंट थोरल्या डॉक्टरांनी पुढं धरलं, आणि सूनबाई फडकं घेऊन आडवं-तिरपं पुसायला शिकल्या. मग पूर्ण दोन आठवडे थांबायचं. या दोन आठवड्यांत घरातल्या कुणीही अंगणात पाण्याचा पेलासुद्धा नेला नाही.

मग डागताईनं काम हातात घेतलं. आधी सांधे आणि दगड साध्या पाण्यानं भिजवले, म्हणजे अ‍ॅसिड आत शिरत नाही. मग सौम्य अ‍ॅसिड, अजून पातळ करून, हातभर जागेवर. दोन मिनिटं. नायलॉनचा मऊ ब्रश. लगेच भरपूर पाणी. मग पुढची हातभर जागा. आबांनी भरलेल्या सांध्याला धक्का नको, दगडाला ओरखडा नको. तारेचा ब्रश तिनं पिशवीतून काढलाच नाही. सकाळी सातला सुरू केलं ते दुपारी एकला संपलं. रंगाऱ्याचे निळे थेंब तेवढे तिनं वेगळ्या औषधानं उचलले, आणि रंगाऱ्यानं ते बघायला खास सुट्टी घेतली होती.

एक वाजता अंगण सुंदर दिसत होतं.

"व्वा!" बाई म्हणाल्या.

"अजून नाही," डागताई म्हणाली. "ओला दगड खोटं बोलतो. वाळू दे."

मग सगळे बसले. काय ते बसणं! बाकावर बाई आणि थोरले डॉक्टर, कठड्यावर आबा, शिडीच्या पायरीवर रंगारी. भिंतीपलीकडून मशीनवाल्याचं डोकं. ऊन चढत होतं. कडेपासून दगड वाळायला लागला. एक लादी. दोन लाद्या. डागताई उभी होती, हातांची घडी, ओठ घट्ट. दगड ओलाव्याचा गडद रंग सोडत चालला आणि प्रत्येकाला वाटत होतं, आता दिसेल, आता राखाडी दिसेल...

मधली लादी वाळली. मधाच्या रंगाची. तिच्या शेजारची वाळली. मधाची. शेवटची ओली रेघ आक्रसत सांध्यात गेली आणि अख्खं अंगण समोर होतं, कोरडं, खरखरीत, लाटांसकट, जसंच्या तसं. एक डाग नाही!

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कुणाला सुचलंच नाही.

मिस्त्री हळूच वाकले आणि त्यांनी पायातले बूट काढले. मोजे काढून बुटात ठेवले. आणि त्यांनी अंगण चालायला सुरुवात केली, अनवाणी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, गुडघे दुखत असतानाही एकदाही खाली न बघता. मान ताठ, हात मागं बांधलेले. ज्या माणसाला आपल्या कामावर पाय टाकायला खाली बघावं लागत नाही, त्याच्यासारखे.

मिस्त्री अर्ध्या वाटेवर होते तेव्हा बाकावरच्या थोरल्या डॉक्टरांनीही बूट काढले.